दर पावसाळ्यात परतणारी घोड्यांची खाज: कारण कसे ओळखावे आणि व्यवस्था कशी बदलावी

तक्रार बहुतेक ठिकाणी एकसारखीच असते. मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की घोडी शेपटीचे मूळ खांबाला घासू लागते; श्रावणापर्यंत आयाळीचे केस तुटून मानेची वरची कड उघडी पडते; नवरात्राच्या सुमारास तिथली कातडी जाड, सुरकुतलेली आणि काळपट होते; आणि तुळशीचे लग्न लागून वरातीच्या सुपाऱ्या येऊ लागल्या की मालक पशुवैद्यकांकडे एकच मागणी करतो, की असे काही इंजेक्शन द्या की आठ दिवसांत जनावर दिसायला बरे झाले पाहिजे. त्या इंजेक्शनाने खाज खरोखरच थांबते, थंडीत केसही थोडे भरून येतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच घोडी त्याच खांबाला अंग घासत उभी असते.

ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात, विशेषतः खाडीच्या काठाने कोलशेत, बाळकुमपासून ऐरोली, घणसोली आणि पुढे उरणच्या बाजूपर्यंत जिथे जिथे घोडी बांधली जातात तिथे, ही तक्रार इतकी नेहमीची झाली आहे की अनेक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, तिला आजार मानतच नाहीत; पावसाळा आहे, खाज यायचीच, असे ते सहज सांगून टाकतात. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दरवर्षी ठरावीक महिन्यांत येणारी खाज म्हणजे जिचे कारण शोधता येते अशी खाज, आणि ते कारण म्हणजे आपल्या भागात बहुतेक वेळा सूर्यास्ताच्या आसपासच्या दोन-तीन तासांत चावणारी बारीक चिलटे. ते दोन-तीन तास तसेच सोडून दिले, तर कोणतेही औषध फार काळ पुरत नाही.

औषधाआधी अंग तपासावे

घोडी सकाळच्या स्वच्छ उजेडात बांधावी आणि खरारा करण्यापूर्वी तपासावी, कारण खराऱ्याने खपल्या, कोंडा आणि उवा निघून जातात आणि पाहण्याजोगे फारसे काही उरत नाही. आयाळीचे केस बोटांनी दोन्ही बाजूंना सारून मुळाशी पाहावे. चिलटांमुळे येणाऱ्या खाजेत तिथे आधी बारीक पुरळ उठते, त्यातली पिवळसर लस सुकून खपली धरते, आणि केस मधूनच तुटून झिजलेल्या झाडूच्या खुंटांसारखे आखूड उभे राहतात. बोट केसांच्या उलट दिशेने फिरवले की ते टोचते, आणि केस मुळापासून गळालेले नाहीत, घासून तुटलेले आहेत, हे तिथल्या तिथे कळते. असेच तुटके केस शेपटीच्या मुळावर, खोगिराच्या पुढे दोन खांद्यांमध्ये असलेल्या उंचवट्यावर आणि कानांच्या कडांवर सापडतात. शेवटी खाली वाकून पोटाची मधली रेषा, छातीपासून बेंबीपर्यंत, हाताने चाचपावी. लांब केसांमुळे तिथल्या खपल्या दिसत नाहीत, बोटांना मात्र लागतात.

एवढी तपासणी झाली की वहीत चार गोष्टी लिहाव्यात: खाज अंगावर कुठे आहे, कोणत्या महिन्यात सुरू झाली, दिवसाच्या कोणत्या वेळी घोडी जास्त घासते, आणि तबेल्यातल्या बाकीच्या जनावरांना ती आहे का. रात्रपाळीच्या मोतद्दाराला विचारल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आमच्याकडे एका कुमैत घोडीबाबत दिवसभर काहीच दिसत नव्हते, पण मामांनी, म्हणजे आमच्या ज्येष्ठ मोतद्दारांनी, एकदा सांगितले, "ताई, दिवे लागले की ती खांब सोडत नाही, आणि पहाटे दूधवाला येतो तेव्हा पुन्हा सुरू होते." निदानाच्या दृष्टीने हे एक वाक्य रक्ताच्या महागड्या चाचणीपेक्षा उपयोगी होते.

दिवेलागणीची चिलटे

या खाजेमागे असलेला कीटक डास नाही. क्युलिकॉइडीस या गटातली ही चिलटे जेमतेम १ ते ३ मिलिमीटर लांब असतात, ओला चिखल, शेणकाला, कुजलेला पाला आणि खाडीकाठचा गाळ यांत वाढतात, आणि प्रामुख्याने संध्याकाळी व पहाटे बाहेर पडतात. रक्त फक्त मादी पिते. चावताना तिची लाळ कातडीत जाते आणि त्या लाळेतील प्रथिनांना काही घोड्यांचे शरीर अतिरेकी प्रतिसाद देते. हीच ती ॲलर्जी. म्हणूनच एकाच तबेल्यात, एकाच रांगेत बांधलेल्या चार घोड्यांना सारखीच चिलटे चावत असताना खाज एकालाच येते. हा रोग एका घोड्यापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे खाजणारे जनावर वेगळे काढण्याची गरज नसते. मात्र ही प्रवृत्ती वंशात उतरते, म्हणून अशा घोडीपासून शिंगरू घेण्याआधी विचार करावा.

हा विकार बहुधा वयाच्या दोन ते चार वर्षांच्या सुमारास डोके वर काढतो आणि पुढे दर हंगामात वाढत जातो. यात आणखी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. आइसलँडमध्ये ही चिलटे अगदी अलीकडेपर्यंत नव्हती. तिथे जन्मलेली घोडी युरोपात नेली की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ही खाज सुरू होते, तर त्याच जातीची पण युरोपातच जन्मून वाढलेली घोडी तुलनेने कमी त्रासतात. आपल्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारातून किंवा थेट मारवाड-काठेवाडातून आणलेले जनावर कोरड्या हवेतून एकदम खाडीकाठी येते. दोन्ही परिस्थिती तंतोतंत सारख्या आहेत असे मी म्हणणार नाही, पण अशा नव्या घोड्याने पहिला पावसाळा सुखरूप काढला म्हणून मालकाने निर्धास्त होऊ नये. ॲलर्जी तयार व्हायला आधी चावे बसावे लागतात आणि पहिली लक्षणे पुष्कळदा दुसऱ्या हंगामात दिसतात. "गेल्या वर्षी याला काही नव्हते, म्हणजे हे चाऱ्याचे असणार" हा तर्क त्यामुळेच फसतो.

युरोपातल्या थंड प्रदेशात हिवाळा ही चिलटे थांबवतो. ठाण्यातला हिवाळा त्यासाठी पुरेसा नाही. इथे खरा त्रासाचा काळ भर पावसाच्या झडीत नसतो, तो उघडिपीच्या दिवसांत आणि पाऊस ओसरल्यावर असतो, जेव्हा वारा पडलेला असतो आणि जमीन अजून ओली असते. आश्विन-कार्तिकातल्या निवांत, दमट संध्याकाळी माझ्या पाहण्यात सर्वांत वाईट ठरल्या आहेत.

चिलटे नसतील तर काय असू शकते

फक्त शेपटीचे मूळ घासले जात असेल आणि आयाळ सुरक्षित असेल, तर आधी सूतकृमींचा विचार करावा. ऑक्सियुरिस जातीच्या कृमीची मादी गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि त्या चिकट थराने खाज सुटते. लिदीच्या नेहमीच्या तपासणीत ही अंडी सहसा सापडत नाहीत. त्यासाठी पहाटे, अंग धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराशेजारच्या कातडीवर दाबून, ती काचपट्टीवर चिकटवून पशुवैद्यकांकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी द्यावी. जंताचे औषध देण्याइतकेच तो भाग रोज पुसून काढणे आणि पुसलेला कपडा फेकून देणे महत्त्वाचे आहे, नाहीतर गव्हाणीच्या कडेवर लागलेली अंडी पुन्हा पोटात जातात.

रात्री पाय आपटणे, खुरांच्या वरच्या भागात खपल्या आणि केस चावून काढणे ही कोरिऑप्टिस या खरजेच्या सूक्ष्म किड्याची लक्षणे आहेत. उवा थंडीत, केस दाट असताना अधिक दिसतात. आयाळीत आणि शेपटीच्या मुळाशी केस सारून नीट पाहिले की त्या नुसत्या डोळ्यांनीही सापडतात, आणि त्या माणसावर टिकत नाहीत. तंगाखाली, म्हणजे खोगीर बांधायच्या पट्ट्याखाली, गोल चट्टे पडून केस जात असतील तर ते गजकर्ण असू शकते. त्यात खाज कमी असते, पण ते तंग, खरारा आणि झुलीवाटे एका घोड्याकडून दुसऱ्याकडे आणि घोड्याकडून माणसाकडेही जाते, म्हणून प्रत्येक जनावराचा खरारा वेगळा असावा. पाठीवर केसांचे पुंजके खपलीसकट निघत असतील आणि खालची कातडी दुखरी असेल, तर तो पावसात सतत भिजल्यामुळे वाढणाऱ्या डर्मेटोफिलस जिवाणूचा संसर्ग आहे. त्याला सर्वाधिक गरज कोरड्या जागेची असते.

पावसाळ्यात पायांवर, ओठांच्या कोपऱ्यात किंवा डोळ्यांच्या कडेला न भरणारी, आत बारीक पिवळे कण असलेली, खाजरी जखम दिसली तर जुने घोडेवाले तिला बरसाती म्हणतात. घोड्याच्या पोटातल्या हॅब्रोनिमा कृमीच्या अळ्या माश्यांमार्फत जखमेत येतात आणि तिथेच दाह करत राहतात. वरून मलम लावून ती बरी होत नाही. कृमीचे औषध, माश्यांचा बंदोबस्त आणि लिदीची विल्हेवाट हे तिन्ही एकत्र लागते.

दोन गोष्टी मात्र खाजेच्या नावाखाली मुळीच खपवून घेऊ नयेत. अंगावर गांधी उठणे, सोबत येऊन-जाऊन ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, डोळ्यांचा आतला भाग फिका पडणे आणि खाऊनही खंगणे असे चित्र असेल तर सर्रा, म्हणजे घोडमाश्यांमुळे पसरणारा रक्तातील परजीवीचा रोग, रक्त तपासून वगळलाच पाहिजे. आणि पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी येऊन त्या फुटत असतील, त्यातून मधासारखा चिकट पू येत असेल किंवा नाकातून घाण स्राव असेल, तर ग्लँडर्सची शंका धरून त्या जनावराला हात न लावता वेगळे करावे आणि शासकीय पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे. हा रोग माणसाला होतो, तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि अशा घोड्याला बाजारात किंवा वरातीत नेणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे.

संध्याकाळची व्यवस्था

चिलटांची शंका पक्की करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दोन आठवडे त्यांना घोडीपर्यंत पोहोचूच न देणे. तेवढ्या काळात घासणे ठळकपणे कमी झाले, तर निदान झाले आणि उपचारही सापडला. अर्धवट व्यवस्थेने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ॲलर्जी असलेल्या जनावराला थोडे चावेही खाज पेटवायला पुरतात.

सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी घोडी आत घ्यावी आणि सूर्य वर येईपर्यंत बाहेर काढू नये. ठाण्यात जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमारास. म्हणजे पावसाळ्यात सव्वासहाला आणि दिवाळीनंतर पाचलाच घोडी आत हवी. घड्याळाची एकच वेळ वर्षभर चालवणारे तबेले इथेच चुकतात. जिथे मुलांचे घोडेस्वारीचे वर्ग शाळा सुटल्यावर, पाच ते सात या वेळात भरतात, तिथे ॲलर्जी असलेले घोडे त्या वर्गातून काढून सकाळी आठनंतरच्या वर्गाला द्यावेत. पालकांना कारण समजावून सांगितले तर ते ऐकतात.

आत घेतल्यावर वारा हवा. ही चिलटे उडण्यात फार दुबळी असतात. ताशी दहा किलोमीटरच्या आसपासचा वाराही त्यांना जड जातो. म्हणून मला सर्वांत जास्त भरवशाचे साधन पंखा वाटते. तो भिंतीवर पक्का बसवलेला, मोटर पूर्ण झाकलेली असलेला आणि घोडीच्या पाठीवर व पोटाखाली दोन्हीकडे वारा जाईल अशा कोनात असावा. एक पंखा पुरत नसेल तर समोरासमोर दोन लावावेत. उभा, हलता पंखा तबेल्यात ठेवू नये. वायर घोडीच्या तोंडापासून आणि उंदरांपासून दूर, नळीतून नेलेली असावी आणि जोडणीवर ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. ओल्या जमिनीवर नाल मारलेल्या घोड्याला विजेचा धक्का फार लवकर बसतो.

खिडक्यांना जाळी लावायची तर साधी मच्छरदाणीची जाळी उपयोगाची नाही, तिच्या भोकांतून ही चिलटे आरामात आत येतात. भोक एक मिलिमीटरपेक्षा बारीक हवे. इतकी बारीक जाळी हवा अडवते, आणि आपल्या दमट हवेत कोंडलेला तबेला घोड्याच्या फुप्फुसांना वाईट, म्हणून जाळी लावली तर पंखा सक्तीचा समजावा. दिव्यांकडेही लक्ष द्यावे. क्युलिकॉइडीस उजेडाकडे ओढली जातात. त्यांच्या अभ्यासासाठी प्रकाशसापळेच वापरतात. घोडीच्या डोक्यावर रात्रभर पांढरी ट्यूब जळत ठेवणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे. काम संपले की आतला दिवा घालवावा आणि लागत असेल तर थोड्या अंतरावर बाहेर एक दिवा ठेवावा.

झुलीचे मात्र इथे जपून करावे लागते. परदेशात मान आणि पोटासकट अंग झाकणारी बारीक विणीची झूल फार उपयोगी पडते, आणि आपल्याकडेही ती चालते, पण फक्त फिक्या रंगाची, हवेशीर कापडाची आणि फक्त संध्याकाळपासून सकाळपर्यंत. झुलीखाली हात घालून घाम साचतो आहे का ते तासाभराने पाहावे. ओलसर झूल तशीच अंगावर राहिली तर चिलटांऐवजी बुरशीची भेट मिळते. दोन झुली ठेवून एक रोज धुवावी आणि पूर्ण वाळवावी. आषाढात वाळत नसेल तर त्या दिवशी झुलीविना, नुसत्या पंख्यावर भागवावे.

राहता राहिला चिखल. लीद रोज उचलून तबेल्यापासून दूर, झाकून ठेवावी. पाण्याच्या टाकीची गळती थांबवावी. मुतारीचा उतार असा करावा की ओल उंबऱ्याशी साचणार नाही. शेजारी म्हशींचा गोठा असेल तर तिथल्या शेणकाल्याबद्दल मालकाशी गोडीने बोलावे. कांदळवनाला मात्र हात लावू नये. ते तोडणे बेकायदा आहे, ठाणे खाडीचा हा पट्टा २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाला आहे, आणि एका तबेल्यासाठी खाडीतली चिलटे संपवणे शक्यही नाही. ज्यांना जागा निवडण्याची मोकळीक आहे त्यांनी घोडी खाडीपासून आत, उंचावर, वारा खेळता असेल अशा ठिकाणी हलवावी; काही जनावरांना तेवढ्यानेच आराम पडतो.

औषधे: काय चालते आणि काय जिवावर बेतते

सर्वांत आधी धोक्याचे. गुरांच्या गोचिडांसाठी आणि कुत्र्यांच्या खरजेसाठी मिळणारे अमिट्राझ हे औषध घोड्यावर कधीही वापरू नये. त्याने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडते आणि जनावर पोटदुखीने दगावू शकते. औषध दुकानात "जनावरांचे गोचिडाचे औषध" म्हणून ते सहज हातात ठेवले जाते, म्हणून बाटलीवरचे घटकाचे नाव वाचल्याशिवाय एक थेंबही लावू नये. जळके काळे ऑइल, रॉकेल आणि फिनेल यांनी कातडी भाजते. खाज थांबल्यासारखी वाटते ती वेदनेमुळे. गुरांसाठी असलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घोड्याला टोचू नये. घोड्यांसाठी ते तोंडावाटे, पेस्टच्या रूपात, वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात.

घोड्यांसाठी बनवलेली परमेथ्रिनची फवारणी चिलटे दूर ठेवते. ती कोरड्या अंगावर, संध्याकाळच्या आधी मारावी, आणि पाऊस किंवा घामाने धुतली गेली की पुन्हा मारावी लागते. तबेल्यातल्या मांजरांना परमेथ्रिन विषारी असते, त्यामुळे फवारणी चालू असताना आणि अंग वाळेपर्यंत त्यांना दूर ठेवावे. बेंझिल बेंझोएटचा २५ टक्क्यांचा लोशन हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. तो जखम नसलेल्या कातडीवरच लावायचा असतो, म्हणजे खाज सुरू होण्याच्या आधी त्याचा खरा उपयोग. खोबरेल किंवा कडुनिंबाचे तेल आयाळीच्या मुळाशी लावले तर तेलकट थरामुळे चावणे काही प्रमाणात कमी होते. भर उन्हात मात्र ते लावू नये, आणि पहिल्यांदा थोड्या जागेवर लावून दोन दिवस वाट पाहावी.

जखमा झालेल्या असतील तर क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूने थंड पाण्यात धुवावे, फेस दहा मिनिटे राहू द्यावा, स्वच्छ धुऊन पाणी घामपट्टीने ओढून काढावे आणि पंख्याखाली वाळवावे. रोज साबण लावणे टाळावे. कातडी कोरडी पडून खाज वाढते.

स्टेरॉइडविषयी स्पष्ट लिहायला हवे. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनने खाज वेगाने थांबते, आणि घोडी स्वतःला रक्तबंबाळ करत असेल तेव्हा पशुवैद्यकांनी ठरवलेल्या प्रमाणात, ठरावीक दिवस ते देणे योग्यच आहे. पण लग्नसराईत दर पंधरवड्याला एक इंजेक्शन ही जी पद्धत पडली आहे, ती घोड्याच्या खुरांवर उठू शकते: स्टेरॉइडमुळे लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, होण्याचा धोका असतो, विशेषतः जाड, भरपूर चंदी (दाण्याचा खुराक) खाणाऱ्या आणि कमी हालचाल असलेल्या जनावरांत. लॅमिनायटिस झालेली घोडी पुढचे पाय पुढे टाकून, वजन मागे घेऊन उभी राहते आणि डांबरी रस्त्यावर पाऊल टाकत नाही. केस गेलेली आयाळ परत येते. बिघडलेला खूर क्वचितच पूर्ववत होतो. गाभण घोडीला पशुवैद्यकांना गर्भाविषयी सांगितल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये, आणि बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड एकदम बंदही करू नये. माणसांच्या गोळ्यांमधली प्रेडनिसोन घोड्याच्या शरीरात फारसे काम करत नाही, म्हणून नावातल्या साम्यावर जाऊ नये.

सेटिरिझिन, हायड्रॉक्सिझिन यांसारखी ॲलर्जीविरोधी औषधे गांधी उठल्यावर काही घोड्यांना उपयोगी पडतात. चिलटांच्या खाजेत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. जवस दिल्याने काही घोड्यांची कातडी सुधारते, पण ते रात्रभर भिजत न ठेवता उकळून द्यावे, आणि त्याला पंख्याचा पर्याय मानू नये.

अचानक उठणाऱ्या गांधी, चारा आणि वरातीचा साज

काही तासांत अंगभर उठलेल्या, बोटाने दाबल्यास खळगा पडणाऱ्या, एक-दोन दिवसांत विरणाऱ्या गांधी ही वेगळी बाब आहे. तिथे मागचे दोन दिवस आठवावे लागतात: नवीन इंजेक्शन (प्रोकेन पेनिसिलिननेही असे होऊ शकते), लस, मधमाशीचा दंश, चंदीची नवी गोणी, नवा शाम्पू. पावसाळ्यात हरभरा, जव, कोंडा आणि सुके गवत यांना बुरशी लवकर धरते. गोणीत हात खोल घालून ऊब आणि कुबट वास येतो का पाहावे आणि आल्यास ती गोणी उन्हात वाळवून वापरण्याऐवजी टाकूनच द्यावी. चाऱ्याची ॲलर्जी घोड्यांत लोक समजतात तितकी सामान्य नाही. शंका असेलच तर चार ते सहा आठवडे एकाच प्रकारच्या स्वच्छ गवतावर ठेवून, मग एकेक पदार्थ आठवड्याच्या अंतराने परत सुरू करावा. सगळे एकदम बदलले तर काहीच कळत नाही.

वरातीच्या घोड्यांमध्ये साज हे स्वतंत्र कारण असते. जरीच्या झुलीचे कृत्रिम अस्तर, पट्ट्यांवरचा स्वस्त रंग आणि घामाने ओला राहिलेला तंग यांनी नेमक्या त्या त्या जागी कातडी लाल होते; चट्ट्याचा आकार पट्ट्याच्या आकाराशी जुळला की उत्तर मिळाले. शेपटी आणि पाय रंगवण्यासाठी वापरली जाणारी "काळी मेंदी" पुष्कळदा मेंदी नसतेच, तिच्यात केस रंगवण्याचे पीपीडी हे रसायन असते आणि ते तीव्र ॲलर्जी आणते. ती वापरूच नये. उघड्या जखमांवर तंग किंवा साज चढवून घोडीला रस्त्यावर उभी करणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसणारा गुन्हा आहे, हे सुपारी घेताना यजमानांनाही सांगावे.

नाकपुड्या आणि ओठ सुजले, श्वासाला आवाज येऊ लागला, घोडी घामाघूम होऊन डळमळू लागली, तर त्याच क्षणी पशुवैद्यकांना बोलवावे. तोंडाने काहीही पाजू नये, तिला मोकळ्या हवेत, मऊ जमिनीवर आणावे आणि नुकतेच कोणते औषध दिले होते ते बाटलीसकट दाखवावे. अशा वेळी ॲड्रेनालिन लागू शकते आणि ते देणे पशुवैद्यकांचेच काम आहे.

पुढच्या हंगामाची तारीख

सगळी व्यवस्था खाज दिसल्यावर सुरू केली तर त्या वर्षी निम्मेच यश येते, कारण एकदा पेटलेली कातडी पुढे साध्या घामानेही खाजते. म्हणून ॲलर्जी ठाऊक असलेल्या घोडीचे पंखे, जाळ्या आणि झुली वैशाखातच तपासून घ्याव्यात, आणि पहिल्या वळवाच्या सरीनंतरच्या संध्याकाळपासून ती वेळेत आत घ्यायला लागावे. मे महिन्यातच वहीसह पशुवैद्यकांची भेट घ्यावी. कातडीचा नमुना किंवा रक्त तपासायचे असेल तर ते त्यांच्यामार्फत, उदाहरणार्थ परळच्या १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करून, स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वी पाठवावे, कारण स्टेरॉइड दिल्यानंतरच्या ॲलर्जी चाचण्यांचे निकाल दिशाभूल करतात. घोडी वर्षभर सांभाळणारा मोतद्दार भेटीच्या वेळी सोबत असावा. रात्री आणि पहाटे काय घडते ते त्याच्या तोंडून पशुवैद्यकांना ऐकू द्यावे.